तारेवरचा घोस

हौसाबाई, आज सकाळी मी पोपटामागे धावले.

हसू नकोस. साठी उलटलीय, गुडघे दुखतात, लुगड्याचा काठ पायात येतो, सगळं ठाऊक आहे मला. पण धावले खरी, आणि धावले ती तुझीच आरोळी ठोकत. क्वार्टरच्या शेवटच्या ओळीतल्या दोघीजणी मशेरी लावता लावता बघतच राहिल्या. हौसाबाई गेली आणि कोकणातली म्हातारी बिथरली, असंच वाटलं असेल त्यांना. वाटू दे. का धावले आणि पुढे काय दिसलं ते तुला सांगायचंय, म्हणून ही नातवाची अर्धी उरलेली वही घेऊन मागच्या पायरीवर बसले आहे. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. रोज तुझ्याशी बोलायची तीन वर्षांची सवय, ती काय सतरा दिवसांत सुटते?

पण असं मधूनच नको. मी काही सांगायला लागले की तू म्हणायचीस, "मधनंच नगं, कोकणे. पयल्यापासनं सांग." मग तुला सगळं माहीत असलेलंच असलं तरी मी पहिल्यापासून सांगायची आणि तू ज्वारी निवडत पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायचीस. तसंच आजही सांगते.

मुलाला इथल्या नव्या औषधाच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी त्याच्यामागे पिंपरीला आले. क्वार्टरना तेव्हा ओल्या चुन्याचा वास होता. चारी बाजूंनी माळ, धूळ, आणि पाच मिनिटं इकडे-तिकडे नाही असा भोंगा. माझं सगळं आयुष्य रत्नागिरीकडे माडाखाली गेलेलं. ना ओळखीचं झाड, ना ओळखीचं माणूस. आमचे "हे" जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी दिवसभर आत बसायची आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायची. मी वाचायला शिकले तीच मुळी पुड्यांवर. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण हळद कुठल्या बातमीत बांधून आली ते मला सांगता यायचं.

मेंदीच्या कुंपणापलीकडे तुझी क्वार्टर. तुझ्या लेकाला, महादूलाही कंपनीत नोकरी मिळाली होती, पण ती वेगळ्या रस्त्याने. कंपनीसाठी सरकारने जी जमीन घेतली, तिच्यात तुमचं रान होतं. म्हणजे तू इथे राहायला आलीसच नव्हतीस. तू होतीस तिथेच होतीस, तुझ्याभोवती बाकीचं सगळं येऊन उभं राहिलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायची, तर तू फटकन म्हणालीस, "मला अहो म्हनू नगं. मी काय मामलेदार हाय?" त्या दिवसापासून तू हौसाबाई आणि मी कोकणे. माझं खरं नाव तू कधी विचारलंस का, मला आठवत नाही. विचारलं नसशील. तुला गरज पडली नाही.

त्याच वर्षीच्या थंडीतली ती सकाळ. पवना नदीवरून धुकं उठून पार क्वार्टरपर्यंत आलेलं. मी अंगावर दोन चादरी घेऊन मागे दात घासत होते, कारण थंडी म्हणजे काय ते मला कोकणात कधी कळलंच नव्हतं. आणि एकाएकी आभाळात गलका झाला. पाखरांचा एक मोठा थवा कंपनीच्या भिंतीवरून वळला, परत फिरला, परत वळला. काळं डोकं आणि अंगाला फिकट गुलाबी रंग. घिरट्या घालून दमली तेव्हा कंपनीच्या काटेरी तारेवर ओळीनं बसली आणि नुसता कलकलाट करत राहिली.

तू मोरीपाशी उभी होतीस, हातात तांब्या तसाच. मी विचारलं ही कुठली पाखरं. तू म्हणालीस, भोरड्या. दर थंडीत येतात, लांबून, शाळूची ज्वारी भरायच्या वेळेला. पोरवयात तू राखणीच्या माळ्यावर उभी राहून ह्यांच्यावरच गोफण चालवायचीस. तुझ्या रानावर भोरडी उतरू द्यायची नाहीस अशी तुझी गावात ख्याती. हे सगळं तू तारेकडे बघतच सांगितलंस. मग म्हणालीस,

"त्यांना कुनी सांगितलंच न्हाई गं. आमाला निदान कागद तरी आला."

तू आत गेलीस आणि वाशाला टांगलेल्या मोठ्या पेंडीतून पाच-सहा कणसं काढून आणलीस. तुमच्या रानातल्या शेवटच्या पिकाची ती कणसं. त्यांचा घोस बांधलास आणि कपडे वाळत घालायच्या तारेला लटकावून दिलास. तुमच्यात पहिल्या कापणीची कणसं देवळाच्या तुळईला पाखरांसाठी बांधायची रीत आहे, हे तेव्हा तू मला सांगितलंस. देवळापर्यंत जायला आता कंपनीला वळसा घालावा लागतो, म्हणून तार.

मी म्हटलं, "अगं, जन्मभर ज्यांना दगड मारलेस त्यांनाच आता जेवायला वाढतेस?"

"तवा ती चोर व्हती. आता पाव्हनी हायेत," म्हणालीस. "चोराला रान लागतं. पाव्हन्याला काय, तार बी चालती."

मला तुझं ते बोलणं तेव्हा गमतीचं वाटलं होतं. भोरड्या पहिल्या दिवशी उतरल्याच नाहीत. चिमण्या आल्या, मग साळुंक्या, मग होल्यांची एक जोडी जी वर न बसता खाली सांडलेलंच टिपायची. चौथ्या की पाचव्या दिवशी दोन भोरड्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी तारेला जागा उरली नाही. मी पायरीवर बसून बघायला लागले. हौसाबाई, खरं सांगते, आमचे "हे" गेल्यानंतर मी सकाळ व्हायची वाट पाहिली ती तेव्हा पहिल्यांदा.

तू मला थंडी शिकवलीस. हसशील, पण थंडीसुद्धा शिकावी लागते. उन्हाला पाठ देऊन कसं बसायचं, शेकोटीला एरंडाच्या काटक्या का घालायच्या, पाखरांच्या पाण्याचं घमेलं रात्री पालथं करून सकाळी कोमट पाणी का घालायचं. भाकरी थापायला शिकवलीस. माझ्या पहिल्या भाकरीला पाहून म्हणालीस, "ही पाखरांनाच घाल, पर पयलं त्यांला इचार." आणि मी तुला काय दिलं? सोलकढी दिली, ती तुला आवडली नाही. आणि अक्षरं. जमिनीच्या कागदावर तू अंगठा दिला होतास, म्हणून म्हणालीस, आता मला सही शिकव, उशीर झाला तर झाला. घोसाखालच्या धुळीत मी काडीने "हौ" काढून दाखवला. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "ही तर चिमणीची पावलं हायेत, ह्यात माझं नाव कुठंय?" दुसऱ्या दिवशी तू स्वतः काढलास, दोन्ही मात्रा उलट्या. "सा" पर्यंत आपण पोचलोच नाही. राहून गेलं.

कंपनीचे कोणी साहेब क्वार्टरच्या बागा बघायला यायचे. सगळ्यांच्या वाफ्यांत झेंडू आणि शेवंती, तुझ्या अंगणात भुसा आणि विष्ठा. ते म्हणाले, आजी, धान्याने उंदीर येतील. तू पदर सावरून म्हणालीस, साहेब, पाखरं दिसाची येत्यात, उंदीर रातीचा, आणि मी सांजच्याला दाणा ठेवत नाही. आणि खरोखरच ठेवायची नाहीस. रोज दिवेलागणीआधी तू ते अंगण असं झाडायचीस की दुसऱ्या दिवशी तिथे कोणी जेवून गेलं असं वाटू नये. एक दाणा मागे राहायचा नाही. ही तुझी झाडलोट ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

आता पोपटांवर येते. आपल्या तीन वर्षांत भांडण म्हणावं असं एकच झालं, आणि ते पोपटांवरून.

तुझ्या पंगतीला सगळे चालायचे. कावळा, साळुंकी, अगदी ती दांडगी भोरडी. फक्त पोपट नाही. हिरवा रंग दिसला की तू हातातलं टाकून धावायचीस. चिमणी कणसावर बसून दाणा खाते. पोपट कणीस देठापासून कातरतो, चोचीत धरून उडतो, कुठेतरी लांब झाडावर बसतो, चार दाणे खातो आणि बाकीचं सोडून देतो. ते तुझ्याच्याने बघवायचं नाही.

"पोपट म्हंजी उधळं माणूस," तू म्हणायचीस. "खाईल मूठभर, सांडील पसाभर."

मी म्हणायची, असू दे गं, किती देखणा आहे, आमच्याकडे राघूला लेकरासारखं सांभाळतात. तर म्हणे, "देखणंपन काय भाजून खायचं?"

मग मीही हट्टाला पेटले. माझ्या बाजूच्या मेंदीत तुझ्या नकळत अर्धा पेरू खोचून ठेवायला लागले. तुला दिसलाच. तू काही बोलली नाहीस, हेच वाईट. दोन दिवस आपला अबोला. महादू मधल्यामध्ये निरोप पोचवत होता, मावशी, आई विचारतीया ताक हवं का. तिसऱ्या दिवशी भोगी होती. तू बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी घेऊन माझ्या पायरीवर आलीस आणि बसता बसता म्हणालीस, "पोपटाचं मी काय बी ऐकनार न्हाई. भाकर खा." मी खाल्ली. तो वाद तिथेच राहिला. मिटला नाही, नुसता राहिला. दर थंडीत आपण तो बाहेर काढायचो आणि परत ठेवून द्यायचो, घोंगडीसारखा.

आता ते सांगते जे मला तुला सांगताच आलं नाही.

यंदा मार्गशीर्षात तुझ्या छातीत कफ भरला. तुझी सून पारू बाळंतपणाला माहेरी, मारुंजीला, महादूला शिफ्ट. मग दिवसभर मीच तुझ्यापाशी. दवाखान्यातले कंपाउंडर रोज येऊन सुई देऊन जायचे. तीच ती पेनिसिलीनची, इथेच बनते. तू दंड चोळत महादूला म्हणालीस, "काय पिकवत्यात बघा माझ्या रानात. माझंच रान मला टोचतंया." तो हसला, मीही हसले, आणि तुला हसताना खोकला आला म्हणून परत गप्प झालो.

तू खाणं टाकलंस. मी तांदळाची पेज केली, तर भाताचं पानी नको. दुकानची ज्वारी आणली, तिला कुबट वास. पाखरांची मोठी पेंडी त्याच आठवड्यात संपलेली. आणि मग तुझ्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर, वाशाच्या खिळ्याला, मला एक लहानसा घोस दिसला. धुराने काळवंडलेला, वर राखाडी पुट बसलेलं. मला वाटलं, पाखरांचाच एखादा विसरून राहिला, धूळ आणि काजळी खात. पाखरं काय, कुठलाही दाणा खातील. माणूस आधी.

आमच्याकडे भाताचं बियाणं पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवतात. मुडी मी शंभर पावलांवरून ओळखीन. पण शाळूचं बी कणसातच ठेवतात, त्याला राख चोळतात आणि चुलीच्या धुरात टांगतात, हे मला कोणी सांगितलं होतं? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. रोज समोर असलेली वस्तू, तिच्याबद्दल बोलायचं आपल्याला सुचलंच नाही.

तर मी तो घोस काढला. राख निगुतीने धुतली. तीन पाणी घातली. उन्हात वाळवला, मळला, जात्यावर दळला. ताकात भिजवून, लसूण-जिरं घालून आंबील केली आणि वाटी तुझ्या ओठाला लावली.

तू पहिला घोट घेतलास आणि थांबलीस. घोट तोंडातच. मग गिळलास आणि माझ्याकडे बघितलंस.

"कुठला शाळू ह्यो?"

मी म्हटलं, बाजारचा, जैनूभाईंच्या दुकानातला. हे का खोटं बोलले कोण जाणे. पाखरांचं तुझ्या तोंडी घातलं म्हणून तू रागावशील असं वाटलं असेल.

"गोड हाय," म्हणालीस. आणि वाटी दोन्ही हातांनी धरून संपवलीस. आठ दिवसांत पहिल्यांदा.

तीन दिवस तू ती आंबील प्यायलीस. तोंडावर तेज आलं. उठून बसलीस, महादूला चार शब्द सुनावलेस, मारुंजीला पारूसाठी डिंकाचे लाडू पाठवायला लावलेस. मी मनात म्हणत होते, वाचली. तिसऱ्या दिवशी तळाशी थोडं उरलं होतं, ते पिताना तू जीभ दातांवरून फिरवलीस आणि अगदी सहज, मिठाबद्दल बोलावं तसं म्हणालीस,

"राख नीट धुतली न्हाईस व्हय? वाईच कचकच लागतीया."

मी म्हटलं, कसली राख.

"काय न्हाई," म्हणालीस. "दे, हाय ती दे."

आणि माझ्या मनगटावर हात ठेवून तशीच पडून राहिलीस. मला वाटलं ग्लानी आहे.

मग संक्रांत झाली आणि पुन्हा ताप चढला. शेवटच्या सकाळी भोंगा होऊन गेल्यावर तू विचारलंस, तार रिकामी आहे का. मी म्हटलं, नाही गं, घोस आहे. तू कान दिलास. म्हणालीस, पाखरांचा आवाज नाही येत. मी म्हटलं, धुकं आहे, आज उशिरा येतील. तार रिकामी होती, हौसाबाई. आणि बाहेर लखलखीत ऊन होतं, दारातून तुझ्या पायांवर पडलेलं.

"व्हय," म्हणालीस. "धुकं लई हाय."

तेवढंच. तुझं शेवटचं बोलणं म्हणजे माझ्या खोट्याला दिलेला टेकू.

दहाव्याला पवनेच्या घाटावर कावळा लगेच शिवला. कुणाला ताटकळत ठेवायचा तुझा स्वभावच नव्हता. महादू म्हणाला, आईची काही इच्छा मागे राहिली नाही. मीही मान हलवली. बाराव्या दिवशी तो चूल पेटवायला बसला, धूर डोळ्यांत गेला म्हणून मान वर केली, आणि रिकामा खिळा त्याला दिसला.

"मावशी, आईचं बी कुठं हाय?"

तेव्हा मला कळलं. तुझ्या सासूने माहेरून आणलेलं ते बी. तुझ्या सासूचं, मग तुझं. दरवर्षी नवं काढून जुनं पाखरांना द्यायचं. रान गेल्यावर तू शेवटच्या पिकातला सगळ्यात भरलेला घोस निवडून तिथे टांगलास, आणि तो पाखरांनाही कधी दिला नाहीस. महादू चऱ्होलीला एखादा तुकडा खंडाने कसायला मिळतो का बघत होता, तुझ्याच मागे लागण्याने. तू त्याला म्हणायचीस, बी हाय तवर रान गेलं न्हाई.

आणि मी ते तीन पाण्यांनी धुऊन दळलं.

मी महादूला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "जाऊ द्या मावशी. तिनंच खाल्लं न्हवं? तिचंच व्हतं." आणि पेटलेल्या चुलीतच फुंकणीने फुंकत बसला, तोंड फिरवून.

तू ओळखलं होतंस. पहिल्या घोटालाच ओळखलं होतंस. तुझं रान दोनदा गेलं, एकदा कागदाने आणि एकदा माझ्या हाताने, आणि दुसऱ्यांदा गेलं ते तू वाटी धरून प्यायलीस आणि गोड म्हणालीस. शिव्या दिल्या असत्यास तर मी पाय धरले असते. तू मला तेवढीही जागा ठेवली नाहीस. पाच दिवस मी ह्यावर अन्नाला शिवले नाही म्हटलं तर खोटं होईल, शिवले, पण भाकरी थापताना हात अडायचा.

काल जैनूभाईंनी चऱ्होलीच्या एका शेतकऱ्याकडून शाळूची कणसं मागवून दिली. तुझा नियम आपल्या रानातलंच द्यायचं, ठाऊक आहे मला. पण पाहुण्यांना काय सांगू? आज सकाळी घोस बांधून तारेला लावला. बाजारची कणसं, ताठ मानेची. तुमच्या शाळूची मान वाकलेली असायची. तू म्हणायचीस, आमचा शाळू सासुरवाशिणीवानी उभा ऱ्हातो, मान खाली घालून. तसं कणीस मी दुसऱ्या कुणाच्या रानात पाहिलं नाही.

चिमण्या आल्या. साळुंक्या आल्या. आणि मग पोपट आला. आला तो सरळ घोसावर, कणीस कातरलं आणि निघाला. मला काय झालं सांगता येत नाही. माझ्या तोंडून तुझी आरोळी निघाली, "हाऽ हाऽ हुर्रर", आणि मी निघाले त्याच्यामागे. शेवटची ओळ ओलांडली, मशेरीवाल्या दोघी ओलांडल्या. पोपट कुंपणाच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबावर जाऊन बसला. तिथे कोणी जात नाही, बाभळीचे काटे पडलेले आणि पावसाच्या पाण्याचा चर. मी धापा टाकत खाली उभी राहिले आणि वर बघून त्याला म्हटलं, खा, मेल्या, आणि सांड.

त्याने चार दाणे खाल्ले आणि कणीस सोडलं. ते चरात पडलं. मी कुठे पडलं ते बघायला वाकले.

चरात गवत माझ्या छातीएवढं होतं. आणि गवतात ताटं उभी होती. शाळूची. सहा-सात. वर कणसं, अजून हिरवट, दाणा दाबला की दूध येईल अशी. आणि सगळ्या कणसांनी मान खाली घातलेली.

खाली बघते तर चरभर चावलेले जुने देठ. तीन थंड्यांचे. तुझ्या तारेवरून नेलेली तुझी कणसं इथे बसून खाल्ली होती त्यांनी. खाल्लं थोडं, सांडलं जास्त. अंगणातलं तू रोज झाडलंस, म्हणून तिथे एक दाणा रुजला नाही. चिमण्यांनी, भोरड्यांनी नीट खाल्लं, म्हणून त्यांच्याकडून काही उरलं नाही. उरलं ते ह्या उधळ्यांनी सांडलेलं. ज्यांना तू तीन वर्षं शिव्या घातल्यास त्यांनी.

मी तिथेच काट्यांत बसले. रडले म्हणशील तर रडले, पण तोंडावर हसू होतं.

पहिल्या शिफ्टहून महादू आला तसा त्याला घेऊन गेले. काही न सांगता. त्याने चरात उतरून एक कणीस तळहातावर घेतलं, तोडलं नाही, नुसतं तोललं. मग म्हणाला, "मावशी, आईनं पोपटांना काय काय म्हनलं व्हतं, आठवतंय का?" आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. कंपनीतून सुटलेली माणसं रस्त्यावरून बघत होती.

संध्याकाळी त्याने तुझं जुनं लुगडं फाडून कणसांना फडकी बांधली, पाखरांपासून राखायला. दाणा टणक व्हायला पंधरा-वीस दिवस लागतील म्हणाला. एक ताट मी बांधू दिलं नाही. ते पोपटांचं. महादू म्हणाला, आईला चाललं नसतं. मी म्हटलं, तिच्याशी माझं मी बघून घेईन.

तर हौसाबाई, वाद मी जिंकले. तीन वर्षांनी जिंकले, आणि सांगायला बघते तर तू नाहीस. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोपटानं काय मुद्दाम केलं व्हय? नाही केलं. मी तरी काय मुद्दाम केलं होतं? तुला ते कळलं होतं म्हणूनच तू ती वाटी संपवलीस, एवढं मी आता धरून चालते. माफी मागायची होती, ती आता मागत नाही. तू गोड म्हणालीस, तेच मी खरं मानते.

उद्या सकाळी घमेल्यात कोमट पाणी घालीन. तारेवर घोस आहे. भोरड्या अजून महिनाभर आहेत. आणि ह्या वेळेला विचारून घेतलंय महादूला, कुठली राख, किती, कशी चोळायची. एरंडाची नको म्हणाला, बाभळीची चांगली. आजच चुलीतली काढली, दोनदा चाळली, आणि डब्यात भरून ठेवली आहे.